फाटकापाशी खांदा बदलायचा राहिला

मंगळवार, ३ एप्रिल १९७३

फेलिक्स मॅक्रोरी गेला. सकाळी गोठ्यात दूध काढता काढता बसल्या जागी कलंडला, बादलीसुद्धा सांडली नाही म्हणे. त्याचा थोरला युजीन सांगायला आला. आत ये म्हटलं तर म्हणाला, "नको, बुटांना शेण आहे." आमच्याही गोठ्यात शेणच असतं, गुलाब नसतात, पण तो काही उंबरा ओलांडेना.

फेलिक्सचं शेत आमच्या शेताला लागून. चाळीस वर्षं त्याचं गवत कापायला मी आणि माझं कापायला तो. तो चॅपेलला जाणारा कॅथलिक आणि मी चर्चला जाणारा प्रोटेस्टंट, पण गवताला त्याचं काही नसतं.

मी खरं तर भाषणाची टिपणं काढत बसलो होतो. जूनमध्ये उत्तर आयर्लंडच्या नव्या सभागृहाची निवडणूक आहे. ५ मेला आमच्या शाखेची सभा, त्यात ब्रिटनशी जोडून राहू म्हणणाऱ्या आमच्या युनियनिस्ट पक्षाचा इथला उमेदवार ठरणार. एकोणीस वर्षं मी निवडून आलो, त्यातली सहा वर्षं शेतीमंत्री होतो. गेल्या वर्षी लंडनने आमचं सरकारच गुंडाळून टाकलं. दुसऱ्या दिवशी गाडी गेली, ड्रायव्हर गेला आणि टेलिफोन मुका झाला. नॉर्मन लेकी, माझा निवडणुकीचा एजंट, म्हणतो, "साहेब, तुमची उमेदवारी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." हुशार पोरगा. मीच त्याला वर आणला.

बुधवार, ४ एप्रिल

संध्याकाळी मॅक्रोरींकडे जाऊन आलो. घर माणसांनी भरलेलं, चहावर चहा, सँडविचांचे डोंगर. कॅसीने, त्याच्या बायकोने, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बघ ना मर्विन, दाढी करायचीसुद्धा राहिली होती त्याची. मी केली." मंत्री असताना मी ढीगभर शोकभाषणं ठोकली, पण इथे सँडविचची बशी घेऊन कोपऱ्यात जाऊन बसलो.

एक गोष्ट लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. फेलिक्सने मला उभ्या जन्मात एकदाच काही मागितलं. युजीनचं लग्न झालं तेव्हा कौन्सिलची नवी घरं वाटायची होती, आणि वाटणारा मी होतो. तो कुंपणापाशी म्हणाला, "पोराला एखादं मिळेल का रे?" मी म्हटलं, हात बांधलेले आहेत. ते कोणी बांधले ते त्याला ठाऊक होतं, मलाही. घरं आपल्या मतदारांना जायची, हा शिरस्ता होता. तो "बरं" म्हणाला आणि गवताचं बोलायला लागला. युजीनने गोठ्यामागे कॅराव्हॅनमध्ये चार वर्षं काढली, दोन पोरं तिथेच झाली. फेलिक्सने पुन्हा कधी विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

गुरुवार, ५ एप्रिल

लख्ख ऊन. घरापासून चॅपेल मैलभर, पेटी खांद्यावरून नेली. खांदेकरी दर थोड्या अंतरावर बदलत होते, त्यांचेही आणि आपलेही.

इथली रीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आपला माणूस कॅथलिक शेजाऱ्याला खांदा देतो तो चॅपेलच्या फाटकापर्यंत. फाटकापाशी त्यांच्यातला कोणीतरी पुढे होतो, खांदा बदलतो, पेटी आत जाते. आपण आतली मिस्सा-प्रार्थना संपेपर्यंत बाहेर भिंतीपाशी सिगरेट ओढत उभे. नंतर कबरीपाशी पुन्हा सगळे एकत्र. आमच्या ऑरेंज लॉजचा, म्हणजे आम्हा प्रोटेस्टंटांच्या संघटनेचा, नियमच तसा आहे: त्यांच्या उपासनेला हजर राहायचं नाही. मी एकतीस वर्षं लॉजचा सभासद आहे. माझा बाप होता, त्याचा बाप होता. बाहेर उभं राहण्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही, त्यांनाही नाही.

शेवटच्या टप्प्याला मागचा डावा खांदा माझा होता. फाटक आलं. युजीनने पुढे होऊन पेटीखाली हात घातला आणि हळूच म्हणाला, "द्या, मिस्टर गिलक्रिस्ट. घेतो मी." मी मान हलवली.

"फाटक आलं," तो म्हणाला.

"दिसतंय मला," मी म्हटलं आणि चालत राहिलो.

का, ते मला सांगता येणार नाही. कोणी ओढलं नाही, कोणी ढकललं नाही. त्याला मध्येच दुसऱ्याच्या हवाली करून सिगरेट पेटवायची, हे त्या क्षणी मला जमेना, बस्स. आत शेवटच्या बाकावर बसलो. लोक गुडघे टेकत होते, उठत होते, मी आपला बुटांच्या नाड्यांकडे बघत बसलो. पाऊण तास.

बाहेर आलो तर भिंतीपाशी आपले अकरा जण. एकाने माझ्याकडे पाहिलं असेल तर शपथ. सॅमी टॉड, आमच्या लॉजचा प्रमुख, मनगटावरच्या घड्याळात असा बघत होता जणू त्यात काहीतरी लिहिलंय.

मला मात्र बरं वाटत होतं. फार दिवसांनी.

शनिवार, ७ एप्रिल

बायको, ऑलिव्ह, मटण आणायला गेली होती. खाटकाचं दुकान सॅमी टॉडचंच. अख्खं धूड पाठीमागे आकड्याला लटकत असताना तो तिला म्हणाला, "आज संपलं, मिसेस गिलक्रिस्ट." ती रिकामी पिशवी टेबलावर आपटून म्हणाली, "उमेदवारी गेली तुझी." मी म्हटलं, मटणाचा आणि उमेदवारीचा काय संबंध? ती म्हणाली, "तू सहा वर्षं मंत्री कसा होतास देव जाणे."

मी विचारलं, "मी चूक केली असं तुला वाटतं?" ती बटाटे सोलत होती. हातातला सोलून झाल्यावर म्हणाली, "नाही. पण केलंस ते निभावता येईल का तुला?"

बायकांना काय, बोलायला सोपं असतं.

मंगळवार, १० एप्रिल

नॉर्मन लेकी आला होता. बिचाऱ्याचा चेहरा उतरलेला. लॉजचा सेक्रेटरी तोच, त्यामुळे माझ्याविरुद्धची तक्रार त्याच्याच अक्षरात आहे. "माझा नाइलाज आहे, साहेब," म्हणाला. "पण मी लोकांची समजूत घालतोय. काल दिवसभरात तेरा घरी जाऊन आलो."

तो गेल्यावर ऑलिव्ह म्हणाली, "समजूत घातली, की बातमी पोचवली?"

हिला सगळ्यांत खोट दिसते. आपल्यासाठी कोणी इतकी पायपीट करतं का आजकाल?

सोमवार, १६ एप्रिल

लॉजपुढे उभा राहिलो. केशरी पट्टा बाहेर काढून ठेवायला लावला. ज्या भिंतीवर माझ्या बापाचा फोटो आहे तिच्याखाली मला उभं केलं. लेकीने आरोप वाचला, फार हळू आवाजात, वाचताना दोनदा खोकला.

टॉडने विचारलं, "आत गेलास की नाही?"

"गेलो."

"पस्तावा आहे?"

मी बोलायला लागलो. राणीच्या राज्याशी हा प्रांत जोडलेला राहावा म्हणून मी किती खस्ता खाल्ल्या, ६७ साली इंग्लंडात गुरांचा रोग आला तेव्हा बंदरं बंद करून इथली जनावरं कशी वाचवली, हे सगळं सांगत होतो. टॉड म्हणाला, "मर्विन, हा दरबार नाही तुझा. हो की नाही, एवढंच सांग."

मला 'नाही' म्हणायचं होतं. घरून निघताना तेच ठरवलं होतं. तोंडातून आलं, "विचार करायला वेळ द्या." १ मेपर्यंत दिला.

घाबरलो. दुसरं काय!

रविवार, २२ एप्रिल, ईस्टर

चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्ही दोघंच. बाक आठ माणसांचा आहे.

गुरुवार, २६ एप्रिल

लेकी मसुदा घेऊन आला. ऑलिव्ह बहिणीकडे गेली होती. नसती गेली तर... जाऊ दे.

त्याने गणित मांडलं. शाखेत शंभरावर मतं आहेत. लॉजने काढून टाकलेल्या माणसाला त्यातली वीसही पडणार नाहीत. लॉजने माफ केलं तर सत्तर कुठे गेली नाहीत. म्हणजे सगळं अडलंय ते या चार ओळींवर.

"पण मला पस्तावा नाही, नॉर्मन," मी म्हटलं.

"मग पस्तावा लिहूच नका. कारण लिहा." त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. 'फाटकापाशी खांदा बदलून घेण्यास मयताच्या घरचे कोणीही पुढे न आल्यामुळे, खांद्यावरील भारासह मला नाइलाजाने आत जावे लागले. पावसामुळे बाहेर पडणे शक्य झाले नाही.'

"पाऊस कुठे होता? लख्ख ऊन होतं!"

"एप्रिलमधला पाऊस कोणाच्या लक्षात राहतो, साहेब?"

"आणि युजीनने हात घातला होता की पेटीखाली."

"ते कोणी पाहिलंय? गर्दी होती. यात कोणावर ठपका नाही. गडबडीत होतं असं. आणि हे लॉजच्या दप्तरात पडून राहील, कोण बघायला येतंय?"

मी दोनदा वाचलं. पावसाची ओळ खोडली. तेवढं तरी केलं. मग सही केली.

एकोणीस वर्षं मी या लोकांसाठी झिजलो. एका सहीने सगळं धुऊन जाऊ द्यायचं का? कॅसीला कधी कळणारही नाही. आणि निवडून आलो तर युजीनसाठी काहीतरी करता येईल. आता घरवाटप कौन्सिलच्या हातात राहिलं नाही, पण काहीतरी करता येईल.

मंगळवार, १ मे

सुटलो! लॉजने खुलासा मान्य केला. टॉडने सगळ्यांसमोर हात मिळवला आणि घरी दोन पौंड सॉसेज पाठवले. ऑलिव्हने विचारलं, "हे कशाबद्दल?" मी म्हटलं, गैरसमज दूर झाला. तिने सॉसेज तळले, स्वतः घेतले नाहीत.

टॉडने एक नवल सांगितलं. खातरजमा म्हणून तो आणि लेकी परवा मॅक्रोरींकडे गेले होते. कॅसीला कागद वाचून दाखवला, तर ती म्हणाली, हो, असंच झालं, माझी मुलं पुढे व्हायला चुकली. ऐकून मी चाट पडलो. मग लक्षात आलं, बिचारी रडत होती त्या दिवशी, तिला मागचं काय दिसणार? तिला खरोखरच तसं वाटलं असेल. म्हणजे मी काही फार मोठं खोटं लिहिलं असं नाही.

शुक्रवार, ४ मे

आमच्या गावच्या साप्ताहिकात माझा खुलासा शब्दन् शब्द छापून आलाय. वर मथळा: 'खांदा द्यायला घरचं कोणी आलं नाही: माजी मंत्री गिलक्रिस्ट'.

लेकीला फोन केला. म्हणाला, "कोणी दिलं तेच कळत नाही, साहेब. पण एका अर्थी बरंच झालं, उद्याच्या सभेला उपयोग होईल." त्याच्या आवाजात धीर होता, म्हणून मलाही आला.

ऑलिव्हने पेपर वाचला, घडी घातली, माझ्यापुढे ठेवला. "त्या दिवशी मी रस्त्यापलीकडे गाडीत बसले होते, मर्विन. युजीनचा हात पेटीखाली होता. मी पाहिला." मी म्हटलं, ऐक तर. ती म्हणाली, "पोराच्या बापाचं प्रेत होतं रे ते." आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. तासभर टाकत होती.

शनिवार, ५ मे

हरलो. मला सदतीस, नॉर्मन लेकीला बहात्तर.

भाषण चांगलं चाललं होतं. मध्येच मागून कोणीतरी ओरडलं, "आत गेलास ते गेलास, वर आमच्याकडे धड माफीही मागत नाहीस!" दुसरा म्हणाला, "गेला तर छाती काढून सांगावं! मेलेल्याच्या पोरावर ढकलतोय!" हा दुसरा तर आपल्यातला कट्टर, चॅपेलच्या सावलीलाही उभा राहत नाही. मला वाटलं होतं, एका बाजूचे तरी आपल्याबरोबर राहतील. घर का ना घाट का, तशी गत झाली.

मग कोणीतरी लेकीचं नाव सुचवलं. तो नको नको म्हणत होता, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. फारच आग्रह झाला तेव्हा उठला. घरी येऊन ऑलिव्हला हे सांगितलं तर ती म्हणाली, "नको नको म्हणणारा नवा सूट घालून आला होता ना?" सूट नवा होता खरा. पण सभेला माणूस नीटनेटका येणारच.

सोमवार, ७ मे

काल दिवसभर पडून होतो. आज उठून साप्ताहिकाच्या संपादकाकडे गेलो. म्हटलं, मला खरं छापायचंय: मी माझ्या मर्जीने आत गेलो, मॅक्रोरीच्या मुलाने खांदा मागितला होता, मीच दिला नाही. तो माणूस सभ्यपणे म्हणाला, "गेल्या आठवड्यात आणलं असतंत तर पहिल्या पानावर घेतलं असतं. आता तुम्ही उमेदवार नाही. वाचकांच्या पत्रांत जागा झाली तर बघतो."

तेही चालेल म्हटलं. पण आधी कॅसीला सांगायला हवं. तिला पेपरातून कळू नये, या खेपेला तरी.

मंगळवार, ८ मे

कुंपणाच्या वाटेने गेलो. कॅसी पाव भाजत होती. "ये, मर्विन. ती खुर्ची नको घेऊ, पाय हलतो तिचा. हरलास म्हणे?"

मी उभ्या उभ्याच सांगायला लागलो. कागद कसा आला, सही कशी केली, सगळं. "तुला दिसलं नसेल कॅसी, पण युजीन पुढे झाला होता. मीच..."

"न दिसायला काय झालं? मी पेटीच्या मागेच तर चालत होते. तुझ्यापासून चार पावलांवर."

मला खुर्ची घ्यावी लागली, पाय हलणारीच.

"मग टॉडला तू हो का म्हणालीस?"

"तो खाटीक आणि तो चष्मेवाला दारात उभे. कागद वाचला. खाली तुझी सही. मी म्हटलं, बाई, याची मान अडकलीय कुठेतरी. माझ्या एका 'हो'ने सुटत असेल तर मी काय तराजू घेऊन बसू? तू माझ्या फेलिक्सला आतपर्यंत आणलंस. तुमच्यातल्या कोणी आणलं होतं आजवर?"

मी म्हटलं, आता मला गमवायला काही उरलं नाही, मी सगळं छापतोय, संपादकाशी बोललोय. मला वाटलं तिला बरं वाटेल. तिने हातातला पाव खाली ठेवला.

"छापू नकोस."

"अगं, पण युजीनवर..."

"युजीनवर काय ते मला सांगतोस? फादरनी त्याला चॅपेलच्या पायरीवर विचारलं. त्याचे चुलते त्याच्याशी बोलत नाहीत. ते पुढच्या खांद्याला होते, त्यांना मागचं काय माहीत? म्हणतात, बापाला दुसऱ्यांच्या खांद्यावर ठेवून हा बघत उभा राहिला. आणि तो गप्प बसला, मर्विन. का माहीत आहे? त्याने खरं सांगितलं तर मी खोटी पडते. मी तुझ्यासाठी त्या खाटकाच्या तोंडावर 'हो' म्हटलंय, मग फादरपुढे, मग दिरांपुढे. आता तू पेपरात छाप की ते खोटं होतं. म्हणजे गाव म्हणेल, नवऱ्याची माती ओली असताना ही बाई त्याच्या पोराबद्दल खोटं बोलली. ते खरंच आहे. पण ते मला आणि त्याला ठाऊक असू दे."

मी त्या फाटकातून आत गेलो ते एकच काम असं होतं की जे मला कोणी सांगितलं नव्हतं, ज्यात मत नव्हतं, फायदा नव्हता. ते आता माझं म्हणताही येत नाही. म्हटलं तर हिला मारायचं, नाही म्हटलं तर पोराला.

तेवढ्यात युजीन आत आला. मला बघून थबकला, टोपी काढली. कॅसीने त्याच्यासाठी चहा ओतला. तो उभ्यानेच प्यायला.

"मी तुझं वाटोळं केलं, युजीन," मी म्हटलं.

"हात घातला होता मी," तो शांतपणे म्हणाला. "तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं, गिलक्रिस्ट आत आला, शेवटपर्यंत बसला. तिला खरंच वाटेना. मी भांडलो तिच्याशी. म्हटलं, माणूस आहे तो, मी डोळ्यांनी पाहिलंय." त्याने कप खाली ठेवला. "गेल्या शुक्रवारी तिने पेपर आणून दिला."

मला रडू आलं. एकसष्टाव्या वर्षी, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. कॅसी "राहू दे, राहू दे" म्हणत होती, त्याने आणखीच येत होतं. मी खिशातून पेन काढलं, खरंच काढलं, मंत्री असतानाची सवय. म्हटलं, "छापत नाही. पण मी लिहून देतो, युजीन. जसं झालं तसं, सहीनिशी."

"कोणाला?" त्याने विचारलं.

लॉज नाही. पक्ष नाही. फादर नाही, त्याचे चुलते नाहीत, पेपर नाही. तो टोपी हातात धरून वाट बघत होता, चेष्टा म्हणून नाही, खरंच विचारत होता. मी पेन उघडं धरून बसलो, आणि मला एकही नाव सुचलं नाही.